गावाच्या ठरावाला उत्तर मिळू द्या: कोकणच्या आमदारांना एका माजी सरपंचाचं खुलं पत्र

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका लहान गावची माजी सरपंच. पाच वर्षं त्या खुर्चीत बसले, आता पुन्हा शेतात आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोकणातून आपण जे जे विधिमंडळात गेलात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. पक्ष कुठलाही असो.

देश चालवायला वरचं सरकार मजबूत हवं की खालचं, हा वाद मी सरपंच होण्याआधी भाषणांतच ऐकला होता. तो माझ्या दारात आला एका खांडीमुळे.

ज्यांनी खारभूमी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमची भातशेतं उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात उघाडी. बांध आहे तोवर भात आहे. बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी आत येतं. एकदा शिरलेलं मीठ दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय निघत नाही.

माझ्या कारकिर्दीतल्या तिसऱ्या पावसाळ्यात आषाढी पौर्णिमेच्या उधाणाला, दुपारी बाराच्या भरतीत, आमच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा आम्ही जाऊन पाहिलं. फार तर दहा-बारा फुटांची असेल. लावणी होऊन आठवडा झाला होता. रोपं चिखलात आडवी, शेतात खाडीचा वास, आणि रोपांच्या दोन चुडांच्या मधल्या पाण्यात निवट्या (खाडीच्या चिखलातले लहान मासे) उड्या मारत होत्या. ज्या घराची ती शेतं होती त्या घरची म्हातारी बांधावर उभी राहून एक शब्द बोलली नाही. तिने फक्त एक रोप उपटलं, मूळ तोंडाशी नेऊन चाखलं आणि टाकून दिलं.

गावातले जाणते म्हणाले, आज रात्री आणि उद्याच्या ओहोटीत बांधून काढू. खुंट ठोकायचे, पेंढा आणि चिखलाची ढेकळं रचत जायची, चाळीस माणसं असली तर दोन ओहोट्यांत काम होतं. माणसं फावडी-घमेली घेऊन जमलीसुद्धा. पण बांध गावाचा राहिलेला नाही, तो सरकारी योजनेतला. आणि बांधाच्या दोन्ही अंगांना तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवलेली, त्यामुळे चिखल काढायचा तर तिवरांच्या मुळाशी हात जाणार. गुन्हा दाखल झाला तर पहिलं नाव सरपंचाचं येईल, हे मला चार जणांनी बजावलं. मी फोन करत सुटले. एका कार्यालयाने सांगितलं, बांध आमचा आहे, हात लावू नका, आम्ही अंदाजपत्रक करू. दुसऱ्याने सांगितलं, कांदळवनापासून 50 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नाही. तिसऱ्याने सांगितलं, वरून पत्र आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही. चौथ्या दिवशी माणसं फावडी घेऊन घरी गेली.

आम्ही विशेष ग्रामसभा घेतली. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ठराव लिहिला, सूचक-अनुमोदकांच्या सह्या झाल्या, जावक क्रमांक पडला, पाच कार्यालयांना प्रती गेल्या. मागणी एवढीच होती की खांड मूळ बांधाच्या रेषेत बुजवायला गावाला परवानगी द्या, मजुरी आणि माती आमची. ठरावाला उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं गेली, त्यांनाही नाही. दसऱ्यापर्यंत दहा फुटांची खांड चाळीस फुटांची झाली. आज त्या शेतांत माणसाच्या उंचीची तिवरं आहेत. सातबाऱ्यावर अजून भात लिहिलेलं आहे, पण नकाशात ते कांदळवन दिसेल आणि त्या घराला आपल्याच जमिनीत पाय टाकायला परवानगी लागेल.

माझी मुदत संपली तोवर त्या ठरावाला ‘नाही’ असंही कुणी लिहून दिलं नाही. नकार मिळाला असता तर त्याच्याविरुद्ध कुठे तरी जाता आलं असतं.

कांदळवन राखायला माझा विरोध नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आदेश दिला आणि 2018 मध्ये अंतिम निकाल दिला नसता, तर मुंबई-ठाण्याच्या खाड्यांवर आज भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या असत्या. समोरच्या मोठ्या शहराचा किनारा वाचवायला वरूनच कडक हात हवा होता, कारण तिथली लालूच स्थानिकांना झेपण्यातली नव्हती. पण तोच हात आमच्या फुटक्या बांधापर्यंत पोचला तेव्हा त्याला तिवर आणि भात यांतला फरक सांगणारं कुणी जवळ नव्हतं. फरक गावाला माहीत होता, आणि गावाला विचारायची सक्ती कुणावर नव्हती.

पूर्वी आमच्याकडे जोळ होता. ज्याची शेतं बांधाच्या आत, त्याच्या घरचं माणूस बांधाच्या कामाला आलंच पाहिजे, हा नियम. मोबदला नाही, चुकारपणा केला तर दंड. माझे आजोबा सांगायचे की उधाणाच्या दिवसांत पाळीपाळीने कंदील घेऊन बांधावर फेरी असायची, उंदराचं बीळ दिसलं तरी तिथल्या तिथे लिंपायचं. स्वातंत्र्यानंतर 1948 चा खारभूमी कायदा आला, पुढे 1979 चा खारभूमी विकास अधिनियम आला, बांध सरकारी योजनांत जाऊ लागले. हेतू चांगला होता. पिचिंगचे दगड, सिमेंटच्या उघाड्या हे गावाच्या ऐपतीबाहेरचंच काम आहे. पण बांध सरकारचा झाला आणि फेरी बंद झाली. इंजिनिअर साहेब वर्षातून एकदा आले तरी नशीब, आणि उंदीर तर रोज येतो. दहा घमेल्यांचं काम दहा लाखांचं होईपर्यंत थांबावं लागतं, कारण दहा घमेल्यांसाठी निविदा निघत नाही.

इथपर्यंत वाचून आपल्याला वाटेल, ही बाई सगळं गावाकडे द्या म्हणणार. तसं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या खुर्चीपासून सुरू होतं.

आमच्या गावाने आपणहून मला सरपंच केलं नसतं. बायकांनी ग्रामसभेत बसावं तर मागे, बोलावं तर विचारल्यावर, अशी रीत होती. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिने पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. माझी खुर्ची दिल्लीच्या कायद्याने आणि मुंबईच्या दुरुस्तीने आली. ते मी विसरले तर कृतघ्न ठरेन.

आणि महाड तर आमच्याच जिल्ह्यात आहे. चवदार तळ्याची गोष्ट आपण दर 20 मार्चला अभिवादनाला जाता तेव्हा ऐकता, पण तीत नगरपालिकेचा जो भाग आहे तो पुन्हा पाहा अशी विनंती आहे. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. त्याला धरून 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायची सोय झाली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह ते पाणी प्यायलं, त्यानंतर माणसांना मारहाण झाली, आणि 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क शेवटी 1937 मध्ये उच्च न्यायालयात शाबीत झाला. म्हणजे चांगला ठराव करणारी संस्था स्थानिक, दबावाखाली तो फिरवणारीही स्थानिक, आणि हक्क टिकला तो दूरच्या न्यायालयात.

बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. कोकणातलं खेडं त्यांच्या घराण्याने आतून भोगलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, ते कुणाला झोंबो, मला खरं वाटतं. खोतीचंही तेच. खोत म्हणजे सारा वसूल करणारा गावचा वतनदार, गावात त्याचा शब्द हा कायदा होता. अलिबागजवळ चरीचा संप 1933 ते 1939 असा सहा वर्षं चालला, कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांनी तो उभा केला. गावातल्या गावात तो प्रश्न सुटला नसता. 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि कुळकायदा मुंबईत झाला, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या नावावर जमीन आली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: माणसाचा हक्क राखणं हे वरच्यांचं काम. कुणी पाणी प्यावं, कुणी खुर्चीत बसावं, कुणाची जमीन कुणी घेऊ नये, यात गावाच्या बहुमताला हात घालू देऊ नका. पण बांध केव्हा लिंपायचा, धक्का कुठे हवा, होड्यांना वाट कुठून, विहिरीचा गाळ या वर्षी काढायचा की रस्ता करायचा, हे गावाला ठरवू द्या. आज नेमकं उलट आहे. गावात एखाद्या घराला वाळीत टाकतात तेव्हा वरचं कुणी वेळेवर येत नाही, आणि शौचालयाचा नकाशा मात्र वरून येतो.

निसर्ग वादळाचं सांगते. 3 जून 2020 ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. त्या दिवसांत एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, माणसं करवती घेऊन रस्ते मोकळे करत होती, तेव्हा मजबूत केंद्र म्हणजे काय ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्या जवानांना आमच्या बायकांनी चहा-भाकरी दिली, आणि मनापासून दिली. नंतर मदत जाहीर झाली, फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये. आता दिवेआगर-मुरुडच्या वाड्या आपण पाहिल्या आहेत. पाच गुंठे, दहा गुंठे. त्यात नारळ, नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार, आणि आडवी झालेली झाडं तोडून बाहेर काढायला मजुरीच त्याहून जास्त. ओरड झाली, मग झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. निर्णय बदलला याचं श्रेय सरकारला आहे. पण आमच्याकडे वाडी हेक्टरात मोजत नाहीत, झाडांत मोजतात, हे पहिल्याच दिवशी कुठल्याही ग्रामपंचायतीने सांगितलं असतं.

आपण म्हणाल, ही तक्रार दिल्लीकडे करा. नाही, ती आपल्याकडेच आहे. स्थानिक स्वराज्य हा घटनेच्या राज्य सूचीतला विषय आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय लिहिले, त्यांत जमीन सुधारणा आहे, लहान पाटबंधारे आहेत, मत्स्यव्यवसाय आहे. पण ते अधिकार पंचायतींना द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे राज्य विधिमंडळावर सोडलं. ‘देता येतील’ एवढंच तिथे म्हटलं आहे. त्या वाक्याची चावी आपल्या हातात आहे. दिल्लीने राज्यांचे अधिकार घेतले म्हणून सभागृहात आवाज उठतो तेव्हा मला बरं वाटतं, पण मांडव्याच्या धक्क्यावरून पाहिलं तर आमच्यासाठी केंद्र म्हणजे समोर दिसणारी मुंबईच आहे. लाँचने तासाभरावर. आमचे कागद तिथे अडतात.

हेच राज्य एके काळी पुढे होतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, देशाने आपलं उदाहरण घेतलं. आणि आपल्याच डोळ्यांदेखत मार्च 2022 मध्ये रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. घटना म्हणते, मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी. ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता, तो सुटायला हवा होता हेही खरं. पण विधानसभेची निवडणूक तीन वर्षं लांबली असती तर आपण गप्प बसला असता का? शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. जिल्हा नियोजन समितीत पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून यावेत असं घटनेत आहे. ती माणसंच निवडलेली नव्हती, तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या पैशाचं नियोजन कुणी केलं? 2025 च्या जानेवारीत तर रायगडच्या पालकमंत्र्यांची नेमणूक जाहीर होऊन लगेच स्थगित झाली. वरही कुणी नाही, खालीही कुणी नाही, आणि खांडी रुंदावत होत्या.

पैशाचं थोडक्यात. माझ्या काळात पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट गावाला येत होता, ही मोठी गोष्ट होती आणि तिचं स्वागत आहे. पण 2021 नंतर त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेला अबंधित निधी बांधावर टाकायचा तर बांध आमच्या मालमत्तेच्या वहीत नाही. माझी डिजिटल सही होती, तिने पैसे निघत होते, फक्त ज्या जागी गाव बुडत होतं तिथे ते टाकता येत नव्हते.

गावात पैसे खातात, भाऊबंदकी चालते, ठेकेदार सरपंचाच्या खिशात असतो, हा आक्षेप मी आपल्यापैकी काहींच्या तोंडून ऐकला आहे. काही गावांत हे खरं आहे. पण गावात खाल्लेला पैसा गावाला दिसतो. गटार किती फूट झालं हे चालता चालता मोजता येतं. माझ्या कारकिर्दीत एका विहिरीच्या कठड्यावरून मला भर ग्रामसभेत तासभर उभं केलं होतं, बिल वाचून दाखवायला लावलं होतं, आणि सिमेंटच्या सहा गोण्यांचा हिशेब चुकला होता तो निघाला. मंत्रालयातल्या फाइलीला असा तासभर कुणी उभं करू शकत नाही.

दुसरा आक्षेप, गावं प्रत्येक गोष्टीला विरोधच करतात. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी गावांनी विरोधाचे ठराव केले, ते सगळ्यांना आठवतात. तो प्रकल्प बरा की वाईट यावर मी इथे बोलत नाही. 2017 मध्ये ती जागा मुंबईत अधिसूचित झाली आणि 2019 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मुंबईतच रद्द झाली. दोन्ही वेळा गावांचा ठराव निर्णयाच्या कागदात कुठे होता, एवढंच विचारते. आणि गावं ‘हो’ म्हणतात तेव्हाही हेच होतं. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल 2011 मध्ये आला, त्या वेळी सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामपंचायतींनी आपणहून ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. त्या अहवालाचा भरच ग्रामसभांना विचारून ठरवण्यावर होता. तो बाजूला पडला, दुसरी समिती आली, उपग्रहाच्या चित्रांवरून रेषा पडल्या, आणि 31 जुलै 2024 ला मसुदा अधिसूचना सहाव्यांदा निघाली.

माझी मागणी मोठी नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने एकट्या माणसाला दाखला किती दिवसांत मिळावा हे ठरवून दिलं आहे. नाही मिळाला तर अपील आहे, अधिकाऱ्याला दंड आहे. मग अख्ख्या गावाने मिळून केलेल्या ठरावाला मुदत का नसावी? ग्रामपंचायत अधिनियमात आपण एवढी दुरुस्ती आणा: 29 विषयांतल्या कुठल्याही विषयावर ग्रामसभेचा ठराव आला तर संबंधित कार्यालयाने 60 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. हो असेल तर हो. नाही असेल तर कारण लिहून, सही करून, म्हणजे गावाला पुढे अपिलात जाता येईल. उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. फुटलेला बांध, कोसळलेली दरड, मोडलेला साकव यांना 60 दिवसही जास्त आहेत. तिथे मूळ जागेवर, मूळ मापात डागडुजी करायला गावाला त्याच दिवशी मोकळीक असावी आणि फोटो-पंचनामा नंतर पाठवता यावा. आणि त्याच कलमात हेही लिहा की कुणाच्याही मूलभूत हक्काला धक्का लावणारा ठराव ठराव म्हणून धरला जाणार नाही. महाडच्या जिल्ह्यातून ही मागणी करताना एवढी ओळ मी सोडणार नाही.

आपल्यापैकी कुणीही एकाने अशासकीय विधेयक मांडलं तरी चालेल. पक्षादेश लागेल असा हा विषय नाही.

मतदानाच्या आधी आपण आमच्याकडे प्रचाराला येता तेव्हा बहुधा दुपारी येता, आणि नेमकी भरती असली तर बांधावरून फक्त पाणी दिसतं, सुंदर दिसतं, फोटोही चांगला येतो. एकदा अमावास्येला या. सकाळी सहा-साडेसहाला पाणी पूर्ण उतरलेलं असतं. गुडघाभर चिखल आहे, चप्पल काढावी लागेल. मी खांडीपाशी उभी असेन, ठरावाची प्रत आणि पोचपावत्या बरोबर घेऊन.

आपली नम्र,
एक माजी सरपंच
तालुका अलिबाग, जिल्हा रायगड